राजलक्ष्मीची सुट्टी

राजलक्ष्मी रांजणेची सुट्टी मंजूर झाली, तेव्हा ती दक्षिण सुदानमधल्या एका नदीकाठच्या छावणीत मचाणावर पहारा देत होती. खालून हवालदार ओरडला, "रांजणे, तुझं काम झालं! पुढच्या हेलिकॉप्टरला तुझं नाव आहे." तिने हसून हात वर केला आणि पुन्हा समोरच्या गवताकडे पाहू लागली.

ती मिलिटरी पोलिसांत लान्स नाईक होती. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत गेलेल्या भारतीय पलटणीबरोबर बायकांची एक तुकडी होती, तिच्यात तिची निवड झाली होती. छावणीच्या तारेला लागूनच विस्थापितांची वस्ती होती. ताडपत्रीच्या झोपड्या, चिखल, आणि हजारो माणसं. त्यांतल्या बायकांशी पुरुष जवानांना बोलता येत नसे, म्हणून या मुली.

मिशनवर गेलं की नेहमीचा पगार घरच्या खात्यात जमा होतच असे, वर परदेशाचा भत्ता मिळे. मात्र सुट्टीवर घरी असाल तितके दिवस तो भत्ता बंद. त्यामुळे तिच्या तुकडीतल्या बऱ्याच जणी सुट्टी घेतच नव्हत्या. सगुणा कराडकडची होती, तिची जोडीदारीण. ती म्हणायची, "अगं, वर्षभर दात आवळून काढायचं आन् मग एकदमच जायचं. मधीच जाऊन डॉलर कशाला बुडवतीस?"

"आप्पांचं ऑपरेशन आहे."

"तुझा भाऊ शिवतेज हाय की घरी."

"आप्पा म्हणतात, राजी आल्याबिगर मी टेबलावर चढत न्हाई."

सगुणाने हात जोडले. तिच्या बापाचंही तसंच होतं.

आप्पा मूळचे जावळीतले. जवानी सगळी तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात पाठीवर गोणी वाहण्यात गेली. आता मणक्यातली एक चकती सरकून नस दाबली गेली होती, डावा पाय उचलला की थरथरायचा. लेक फौजेत असल्यामुळे लष्करी रुग्णालयात उपचार होणार होते, तारीखही मिळाली होती. फक्त लेक यायची राहिली होती.

वस्तीतल्या बायका लाकूडफाट्याला नदीपलीकडच्या काटेरी रानात जात. जवानांची गाडी सोबत असे. पण त्या आठवड्यात गाड्या धान्याच्या ट्रकांबरोबर लांब गेल्या होत्या. बायकांनी दोन दिवस वाट पाहिली, मग चुली पेटेनात म्हणून त्या आपल्या आपण निघाल्या. त्यांत अचोल होती. त्यांच्या रिवाजाप्रमाणे खालचे पुढचे दात काढलेली, उंच, मोठ्याने हसणारी बाई. राजलक्ष्मीला ती आपल्या भाषेतले शब्द शिकवायची आणि तिचे उच्चार ऐकून गुडघ्यावर थापा मारत हसायची. राजलक्ष्मी म्हणणं तिला जमत नसे. ती राजी म्हणायची, घरच्यासारखं.

दिवस चांगला वर आला होता. राजलक्ष्मी आणि सगुणा मचाणावर होत्या. बायका मोळ्या डोक्यावर घेऊन परतताना दिसल्या आणि त्याच वेळी त्यांच्या मागचं गवत हललं. गवतातून माणसं उठली. काहींच्या हातात बंदुका होत्या, बाकीच्यांच्या हातात लांब पात्याचे कोयते. मोळ्या धपाधप खाली पडल्या. बायका किंचाळत फाटकाकडे धावू लागल्या.

राजलक्ष्मीने रेडिओ उचलला. "साब, हल्ला! बायकांच्या अंगावर धावून आलेत!"

पलीकडून कॅप्टनचा आवाज आला. "हवेत गोळी झाड. हवेत!"

तिने झाडली. माणसं दबकली. त्यांनी मचाणाकडे पाहिलं. कुणी पडलं नाही हे त्यांच्या ध्यानात आलं आणि ती पुन्हा धावली. मागे राहिलेल्या एका म्हातारीला पहिल्याने गाठलं. कोयता मानेवर बसला. म्हातारी डोकं झुकवून पुढे चार पावलं गेली आणि मग कोसळली. दुसरीच्या पाठीवर पोर बांधलेलं होतं. तिला गोळी लागली, पोर तिच्याखाली दबलं आणि रडू लागलं.

"साब, कापतायत! परवानगी द्या!"

"बायका मध्ये आहेत. आंधळी गोळी चालवू नका. गाडी निघाली आहे. थांबा."

आदेश चुकीचा नव्हता. धुळीत बायका आणि मारेकरी एकमेकांत मिसळले होते. पण अचोल बाकीच्यांपासून तुटून एकटीच उजवीकडे पळाली होती. तिच्यामागे फुटबॉलचा लाल शर्ट घातलेला एक तरणा पोरगा लागला होता. त्या दोघांच्या आजूबाजूला कुणीच नव्हतं. राजलक्ष्मीच्या रायफलीच्या टोकावर तो लाल शर्ट अगदी स्वच्छ दिसत होता. बोट घोड्यावर होतं.

अचोल अडखळून पडली. उताणी झाली. तिने दोन्ही हात वर धरले. कोयता पहिल्यांदा त्या हातांवर बसला.

"साब!"

"थांब, रांजणे."

ती थांबली. दुसरा घाव खांद्यावर बसला, तिसरा तोंडावर. मग रेडिओवर परवानगी आली. राजलक्ष्मीने घोडा दाबला. लाल शर्ट गुडघ्यावर बसला आणि अचोलच्या अंगावर पडला. शेजारून सगुणाची रायफल सुरू झाली. आणखी दोघे पडले. चिलखती गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा बाकीचे गवतात पळाले.

उचलायला त्या दोघीही गेल्या. राजलक्ष्मीने मेलेल्या पोराला लाथेने बाजूला सारलं. अचोल जिवंत होती. जबडा उघडा पडला होता, एक हात मनगटाजवळ कातड्यावर लोंबत होता. तिने राजलक्ष्मीकडे पाहिलं. ओळखलं की नाही, कोण जाणे. घशातून फेसाळ रक्ताचा आवाज येत होता. स्ट्रेचर येईपर्यंत तो थांबला.

संध्याकाळी कॅप्टनने सगळ्यांना जमवलं. "आज आपल्या एकाही गोळीने एकही बाई जखमी झालेली नाही. रांजणेला नेम स्वच्छ मिळाला होता, तरी तिने आदेश मोडला नाही. याला शिस्त म्हणतात. तिचं नाव मी शाबासकीसाठी वर पाठवतोय."

सगुणाने तिचा हात दाबला. राजलक्ष्मी तशीच सावधान उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या सुट्ट्या रोखल्या गेल्या. फक्त वडिलांच्या ऑपरेशनमुळे तिची तेवढी कायम राहिली. निघण्याआधी डॉक्टरांनी विचारलं, "झोप लागते?"

"हो, सर."

"जेवण?"

"हो, सर."

नाही म्हटलं असतं तर त्यांनी तिला ठेवून घेतलं असतं आणि आप्पांची तारीख गेली असती. तिचं नाव हेलिकॉप्टरच्या यादीत राहिलं.

आप्पांचं ऑपरेशन नीट पार पडलं. कमरेला जाड पट्टा बांधून ते नवी मुंबईतल्या शिरवण्याच्या खोलीवर परतले. डॉक्टरांनी बजावलं होतं, वाकायचं नाही, खाली बसायचं नाही. आई, बाळाबाई, त्यांच्या उशापायथ्याशी फिरत होती. धाकटा शिवतेज एमआयडीसीतल्या कंपनीत शिफ्टला जायचा. येताना ताईसाठी रोज काहीतरी खायला आणायचा आणि विचारायचा, "ताई, तिकडं ॲक्शन बिक्शन काय बघितली का नाय?"

"नाही रे. नुसता पहारा," ती म्हणायची.

रात्री ती भिंतीला पाठ लावून बसून राही. आईने विचारलं तर म्हणे, तिकडची वेळ वेगळी असते ना, म्हणून.

त्यांची खोली पहिल्या मजल्यावर होती. घर भिमाबाईंचं. भिमाबाई मूळच्या शिरवण्याच्या, आगरी. सिडकोने शेती घेतली, त्या जागी नेरूळ उभं राहिलं. भिमाबाईंनी गावठाणातल्या घरावर मजले चढवून भाडेकरू ठेवले. राजलक्ष्मी भरतीसाठी धावायला जायची, तेव्हा पहाटे गेटचं कुलूप उघडून देणारी हीच म्हातारी. आता तिच्याकडे नात आली होती, प्राची. तिला नावड्याला दिलं होतं. नवऱ्याचं नाव ऋषी, तळोज्याच्या कारखान्यांना पाण्याचे टँकर पुरवायचा. प्राचीच्या डोळ्याखाली काळंनिळं होतं. ती घरातसुद्धा ओढणी डोक्यावरून घेऊन बसायची.

राजलक्ष्मी आल्यावर थोड्याच दिवसांत ऋषी बायकोला न्यायला आला. राजलक्ष्मी दुधाची पिशवी घेऊन जिना चढत होती. खालच्या दारात त्याने प्राचीच्या केसांना धरलं आणि तिचं डोकं चौकटीवर आपटलं. शेजारची दारं बंद झाली. भिमाबाई त्याच्या पाया पडल्यागत वाकून म्हणत होती, "आरं बाबा, सोर तिला. मीच उद्या आनून घालतंय. रगत निंगलंय बघ तिचं."

राजलक्ष्मी पायरीवर उभी होती. तिचं शरीर हलेना. कुणीतरी सांगायची वाट पाहत असल्यासारखी ती उभी राहिली. ऋषीने वर पाहिलं. "काय बघते? घरात जा."

तो शिव्या देत गेल्यावर तिने पोलिसांना फोन केला. दोघे मोटरसायकलवरून आले, प्राचीला म्हणाले ठाण्यात येऊन तक्रार द्या. प्राचीने नाही म्हणून मान हलवली. शिवतेज म्हणाला, "ताई, नवरा-बायकोचं मॅटर आहे. तू नको टेन्शन घेऊ. सुट्टीवर आलीयेस."

ती त्या दिवशी जेवली नाही. आप्पांनी पलंगावरूनच विचारलं, "राजे, तुला काय झालंय? आल्यापास्नं बगतुय."

"काही नाही, आप्पा."

"तिकडं कुनी काय केलं का तुला?"

"मला कुणी काही केलं नाही."

रविवारी दुपारी ऋषी पुन्हा आला. या वेळी कोयता घेऊनच. प्राची अंगणातल्या नळावर भांडी घासत होती. राजलक्ष्मीला वर ओरडणं ऐकू आलं, आणि ती कठड्यापाशी येईपर्यंत पहिला घाव बसला होता. प्राचीच्या खांद्यातून रक्त उडून भिंतीवर गेलं. ती पाठीवर पडली आणि तिने दोन्ही हात वर धरले.

राजलक्ष्मी जिना उतरलीच नाही. तिने कठड्यावरून खाली उडी मारली. ऋषी वळला, तेव्हा तिने नळापाशी पडलेली लोखंडी कढई उचलून त्याच्या कोयत्याच्या हातावर घातली. कोपराचं हाड तुटल्याचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत गेला. कोयता सांडला. त्याने डाव्या हाताने तिचा गळा धरला. तिने त्याच्या पोटात गुडघा मारला, तो दुमडला, तिने कढई त्याच्या तोंडावर हाणली. ओठ फाटला, दात फरशीवर सांडले. तो खाली पडला आणि हात वर करून म्हणाला, "बस, बस झालं!"

तिथे ती थांबायला हवी होती. कोयता लांब पडला होता, माणूस आडवा झाला होता. ती त्याच्या छातीवर बसली आणि मारू लागली. कढईची कड गालावर, कानावर, डोळ्यावर. भिमाबाई ओरडली, "पोरी, मरंल तो! पोरी गो!" शिवतेजने मागून कवळ घातली, तिने कोपर मारून त्याला भिंतीवर फेकलं. त्याचं नाक फुटलं. गल्लीतली माणसं गेटपाशी जमली होती. जवळ यायची कुणाची छाती होईना.

आप्पा जिन्यावरून उतरले. एका हाताने कठडा, दुसऱ्याने कमरेचा पट्टा धरून. बाळाबाई मागून ओरडत होती, "आवं, वाकू नगा! टाकं तुटतील!" ते नातवंडापाशी बसावं तसे सावकाश फरशीवर बसले. वेदनेने त्यांचा चेहरा पांढरा पडला. मग त्यांनी आपला उजवा पंजा ऋषीच्या रक्ताळलेल्या तोंडावर पसरून ठेवला.

कढई त्या पंजावर बसली.

आप्पा ओरडले नाहीत. त्यांच्या घशातून फक्त हवा बाहेर पडली. दोन बोटं उलटी वळली होती. राजलक्ष्मीने ती बोटं पाहिली. कढई तिच्या हातातून गळाली.

"आप्पा," ती म्हणाली. "आप्पा, तुम्ही का आलात?"

"तू थांबत न्हवतीस, म्हून," आप्पा म्हणाले आणि तिथेच कलंडले.

त्या दिवशी एकाच रिक्षात राजलक्ष्मी, आप्पा आणि प्राची दवाखान्यात गेले. प्राचीच्या खांद्याला राजलक्ष्मीने दुपट्टा घट्ट आवळून धरला होता, आणि वाटेत पहिल्यांदाच ती बोलू लागली. मचाण, लाल शर्ट, अचोलचे हात. आप्पा डोळे मिटून ऐकत होते. दवाखान्याच्या दारात रिक्षा थांबली तेव्हा ते म्हणाले, "हे आल्या दिवशीच सांगायचं हुतंस, पोरी."

ऋषी वाचला. कोपर कायमचं वाकडं झालं, एका डोळ्याची नजर गेली. त्याच्यावर खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल झाला. त्याच्या भावाने राजलक्ष्मीविरुद्ध तक्रार दिली. पोलिस ठाण्यात सबइन्स्पेक्टर अरुणाबाईंनी तिला बसवून घेतलं. "तू त्याचा कोयता पाडलास, तिथपर्यंत कायदा तुझ्या बाजूने आहे. पुढचं तूच सांग. तो पडल्यावर का मारलंस?"

"थांबता आलं नाही."

"असं लिहू?"

"खरं तेच लिहा, मॅडम."

पोलिसांनी तिच्या युनिटला कळवलं. सुट्टी संपण्याआधीच कॅप्टनचा फोन आला. ते म्हणाले, "चौकशी लागली आहे. तुला मिशनवर परत येता येणार नाही. सामान सगुणा पाठवून देईल." पुढे ते म्हणाले, "शाबासकीसाठी तुझं नाव पाठवलं होतं. ते मागे घ्यावं लागेल."

"घ्या, साब. ते नकोच होतं मला."

"रांजणे, त्या दिवशी मी तुला आणखी लवकर परवानगी द्यायला हवी होती का? मीही रोज हाच विचार करतो."

"मला नाही माहीत, साब," ती म्हणाली.

भत्ता बंद झाला. उरला नुसता पगार. उलव्याला छोटं घर घ्यायचं चाललं होतं ते राहिलं. बढती अडकली. लष्करी डॉक्टरांनी तिच्यावर उपचार सुरू केले, या वेळी झोप लागत नाही हे तिने पहिल्याच भेटीत सांगितलं. मग तिची बदली मध्य प्रदेशातल्या एका छावणीत झाली. तिथे ती फाटकावर गाड्या तपासते.

पुढच्या वर्षी ऋषीचा वकील निरोप घेऊन आला. प्राचीने कोयत्याची तक्रार मागे घेतली तर ऋषीचा भाऊही राजलक्ष्मीवरची तक्रार मागे घेईल. दोन्ही प्रकरणं मिटतील, बढतीचा रस्ता मोकळा होईल. राजलक्ष्मी तेव्हा रजेवर आली होती. भिमाबाई प्राचीला घेऊन वर आली. प्राचीचा हात अजून खांद्याच्या वर जात नव्हता. सीवूड्सच्या एका कपड्यांच्या दुकानात तिला काम मिळालं होतं.

"मी सही करते, ताई," प्राची म्हणाली. "माज्यामुलं तुमची नोकरी अडकली."

भिमाबाई म्हणाली, "तुज्या उपकारान् माजी नात जिती हाय, पोरी. तू सांगशील तसा करू."

राजलक्ष्मीने आप्पांकडे पाहिलं. मणका सुधारला होता. बोटं मात्र वाकडीच जुळली होती, पेला धरताना दोन्ही हात लागत.

"सही केलीस तर तो सुटेल," ती प्राचीला म्हणाली. "मग परत येईल. नाहीतर दुसरी करेल आणि तिला मारेल. तू सही करू नकोस."

"आन् तुमचं?"

"मी जे केलं ते मी कोर्टात सांगणार आहे. तू तुझं सांग."

बेलापूरच्या कोर्टात प्राचीने साक्ष दिली. ऋषीच्या वकिलाने तिला बराच वेळ छळलं, ती रडली, पण शब्द बदलला नाही. गेल्या हिवाळ्यात ऋषीला शिक्षा झाली. राजलक्ष्मीवरचा खटला वेगळा आहे, तो अजून चालू आहे. मागच्या तारखेला सरकारी वकिलाने तिला विचारलं, "तुमच्या वडिलांनी हात मध्ये घातला नसता तर तुम्ही थांबला असता का?"

तिच्या वकिलाने हरकत घेतली. हरकत मान्य होण्याआधीच राजलक्ष्मी म्हणाली, "नाही. नसते थांबले."

तिचा वकील बाहेर येऊन चिडला. बाळाबाई रडू लागली. शिवतेज गाडी काढायला गेला.

तिची वर्षाची सगळी सुट्टी आता या तारखांतच जाते. गावची जत्रा नाही, कुणाचं लग्न नाही. सगुणा मिशन पूर्ण करून परतली, तिने कराडला बोलावलं, तेही झालं नाही. पण तारखेच्या आदल्या दिवशी ती शिरवण्याला पोचते, तेव्हा खाली प्राची तिची वाट बघत असते. दुकानातून रजा काढून तीही कोर्टात येते आणि मागच्या बाकावर आप्पांच्या शेजारी बसते.

या वेळी निघताना आप्पांनी विचारलं, "पुढल्या तारखेला रजा मिळंल का?"

"अर्ज दिलाय," राजलक्ष्मी म्हणाली, पाठीवर बॅग टाकली आणि पनवेलची बस धरायला सायन-पनवेल हायवेच्या दिशेने चालू लागली.